वजन कशाचं धरायचं

पहिल्या बैठकीला मी सतरा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या सोळांवर कोण बसणार हे महिनाभर आधीच ठरलं होतं. सागरी विषांच्या रसायनशास्त्रात आयुष्य घातलेली माणसं, आरोग्य खात्यांचे अधिकारी, तपासणीचे संच बनवणाऱ्या दोन कंपन्यांचे प्रतिनिधी आणि एक संख्याशास्त्रज्ञ. सतरावी खुर्ची एका मसल-उत्पादकाची होती. मसल म्हणजे आपल्याकडच्या शिनाण्यांची थंड पाण्यातली भावंडं. सिअ‍ॅटलजवळच्या प्यूजेट साउंड या सागरी खाडीच्या एका फाट्यात त्याच्या दोऱ्या सोडलेल्या होत्या. हा गृहस्थ दुपारपर्यंत एक शब्द बोलला नाही. जेवणानंतर आम्ही चाचणीच्या निकषांवर आलो तेव्हा त्याने हात वर केला.

"गेल्या वर्षी माझ्या एकाच दोरीवरचा माल दोन प्रयोगशाळांत गेला. एकीने विकायला हरकत नाही म्हणून कळवलं, दुसरीने बंदी घाला म्हणून. दोन्हीकडची माणसं शिकलेली. मी ऐकायचं कुणाचं?"

खोलीतल्या प्रत्येकाकडे याचं आपापलं उत्तर होतं आणि प्रत्येकाच्या उत्तरात बरोबर असलेली प्रयोगशाळा वेगळी होती. मी तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला. पुढची तीन वर्षं त्या पानाखालीच गेली.

या कामात मी आले ती रत्नागिरीहून. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत असताना, 1997 च्या सप्टेंबरात, केरळमधल्या विळिंजमची बातमी आली. खडकावरची शिनाणी खाऊन सात माणसं गेली होती आणि पाचशेहून जास्त दवाखान्यात होती. सरांनी वर्गात फळ्यावर आधीची दोन ठिकाणंही लिहिली : 1981 साली तामिळनाडूतलं वायलूर आणि 1983 साली मंगळूरजवळचं कुंबळे. तिन्हीकडे कारण एकच होतं. समुद्रात एका जातीचं सूक्ष्म प्लवक वाढतं. शिंपले पाणी गाळून ते खातात आणि त्यातलं विष त्यांच्या अंगात साठत जातं. शिंपल्याला त्याचं काही होत नाही. तो ताजाच दिसतो, वासही चांगला येतो. शिजवल्याने विष मरत नाही. खाणाऱ्याच्या ओठांना आधी मुंग्या येतात, मग हातपाय बधिर होतात, आणि मात्रा मोठी असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. कृत्रिम श्वासावर माणूस तगवून धरायचा, तेवढंच हातात.

आमच्या घरात आठवड्यातून दोनदा तिसऱ्या व्हायच्या. त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला विचारलं, "आई, तिसऱ्या चांगल्या आहेत हे तू कसं ओळखतेस?" ती म्हणाली, "उकळल्यावर तोंड उघडते ती चांगली." पिढ्यान्‌पिढ्यांचं हे ज्ञान खरंच आहे. मेलेला शिंपला त्यातून ओळखता येतो. विषारी शिंपला मात्र तोंड उघडतोच, आणि तो ओळखायची स्वयंपाकघरातली खूण कुणाकडेही नाही. तपासणीवाचून गत्यंतर नाही हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि अजूनही या कामामागचं माझं कारण तेच आहे.

तपासणी म्हणजे तेव्हा उंदीर. 1927 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मसल खाऊन 102 माणसं आजारी पडली, त्यातली सहा दगावली. त्यानंतर तिथल्या सोमर आणि मेयर या संशोधकांनी शोध घेतला आणि 1937 साली उंदरावरची चाचणी मांडली. शंभर ग्रॅम गर तेवढ्याच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं उकळायचा, निवळ काढायची आणि त्यातली एक मिलिलिटर वीसेक ग्रॅमच्या उंदराच्या पोटात टोचायची. टोचल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. वीस ग्रॅमचा उंदीर पंधरा मिनिटांत मारणारी मात्रा म्हणजे एक 'माउस युनिट'. वेळेवरून कोष्टकात युनिटं बघायची, त्यांवरून विष किती ते काढायचं. किलोमागे 800 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की खाडी बंद.

मी ही चाचणी दोन वर्षं स्वतःच्या हाताने केली. शेवटचा श्वास कोणता हे ठरवणं शिकावं लागतं. आमच्याकडे तीस वर्षं हे काम केलेल्या एक बाई होत्या. त्या प्रत्येक उंदराला टोचण्याआधी क्षणभर तळहातावर धरत. का, ते मी विचारलं नाही. त्यांच्या आकड्यांवर कधी कुणी शंका घेतली नाही, आणि त्या आकड्यांमुळे आमच्या किनाऱ्यावर किती जीव वाचले असतील त्याची मोजदाद होणार नाही. उंदरांची चाचणी क्रूर होती म्हणून ती टाकून द्यावी, हे म्हणणं मला पटतं. पण ती निरुपयोगी होती असं कुणी म्हटलं तर मी आजही वाद घालते.

2004 साली एओएसी या संस्थेने सागरी आणि गोड्या पाण्यातल्या विषांच्या चाचण्यांसाठी एक कार्यगट नेमला. ही संस्था 1884 साली अमेरिकेत निघाली ती खतांच्या भांडणातून. एकाच गोणीतलं खत दोन रसायनतज्ज्ञ तपासायचे आणि दोन आकडे द्यायचे, मग शेतकऱ्याने दाम मोजायचा तो कोणत्या आकड्यावर? सगळ्यांनी एकच पद्धत पाळायची असं ठरवायला ती माणसं एकत्र आली. मसलवाल्याचा प्रश्न ऐकताना मला सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो खत घेणारा शेतकरी आठवला होता. त्या कार्यगटाच्या कामाला वेग आला त्याच सुमारास आमच्या भागातही एक छोटा गट बांधायचं ठरलं. लकव्याच्या विषासाठी, म्हणजे सॅक्सिटॉक्सिन आणि त्याच्या कुटुंबासाठी, लिक्विड क्रोमॅटोग्राफीची एक पद्धत अनेक प्रयोगशाळांत पारखून घ्यायची. मी सगळ्यांत धाकटी. म्हणून पत्रं पाठवणं, वेळा जुळवणं, नमुने रवाना करणं, टिपणं लिहिणं हे सगळं माझ्याकडे आलं. बायोडेटात या कामाला नाव नसतं.

तज्ज्ञांना एकत्र बसवणं म्हणजे काय, हे मला पहिल्या चार महिन्यांत समजलं. नवी पद्धत हवी यावर प्रत्येकाचं एकमत असतं, आणि ती आपलीच असावी यावरही. दोन माणसं अशी होती, की त्यांना एका पत्रात घालणंसुद्धा अवघड. मी प्रत्येकाशी आधी वेगळं फोनवर बोलायचे आणि एकच विचारायचे, "पद्धत कोणतीही असो, तिच्याकडून तुम्हाला काय काय हवं?" उत्तरं आश्चर्य वाटावं इतकी सारखी यायची. किती कमी मात्रा दिसली पाहिजे, एका माणसाने दिवसाला किती नमुने उरकले पाहिजेत, यंत्राची किंमत काय, स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी लागणारं माहीत प्रमाणाचं शुद्ध विष, कुठे मिळतं. ही यादी बैठकीत मांडली तेव्हा भांडण पद्धतीवरून उठून गरजेवर आलं. गरजेवरचं भांडण मिटतं.

न मिटलेलं भांडण उंदराचं होतं, आणि ते महत्त्वाचं होतं. आरोग्य खात्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी सलग वीस मिनिटं बोलून ते मांडलं. यंत्राला जे शोधायला सांगितलं तेवढंच ते शोधतं, उंदीर मात्र काहीही असलं तरी मरतो, हा त्यांचा मुद्दा. उदाहरण त्यांनी 1995 सालचं दिलं. आयर्लंडच्या किलरी हार्बरमधली मसल खाऊन नेदरलँड्समध्ये माणसं आजारी पडली. लक्षणं ओळखीची, पण ओळखीच्या विषांनी त्यांचा उलगडा होईना. त्यातून अझास्पिरॅसिड हे नवंच विष सापडलं. "उद्या असं काही आलं तर तुमचं यंत्र सरळ रेघ काढून देईल आणि तुम्ही खाडी उघडाल," ते म्हणाले. मी उंदीर टोचलेले असल्यामुळे हे मला आतून कळत होतं. रसायनवाल्यांकडेही उत्तर होतं. सॅक्सिटॉक्सिनच्या कुटुंबात पन्नासहून अधिक रेणू आहेत, सगळे सारखे जहाल नाहीत. कुणाचं किती हे माहीत असेल तर खाडीत काय चाललंय ते दोन आठवडे आधी दिसू शकतं. मर्यादेच्या अर्ध्याखाली उंदराला जवळपास काही दिसत नाही, यंत्राला दिसतं. युरोपात 2011 पासून चरबीत विरघळणाऱ्या विषांसाठी उंदीर मागे पडत गेला आणि त्याची जागा यंत्राने घेतली. पण त्या ज्येष्ठ गृहस्थांचा मुद्दा खोडला गेला असं मला आजही वाटत नाही. आम्ही तो कागदावर घेतला : ही पद्धत कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे तिच्या पहिल्याच परिच्छेदात असेल. तो परिच्छेद लिहायला सहा आठवडे लागले.

मग नमुने. बहुप्रयोगशाळा चाचणीचा रिवाज असा : किमान आठ प्रयोगशाळा आणि किमान पाच तऱ्हांचा माल. प्रत्येक माल दोनदा, पण वेगवेगळ्या क्रमांकाने, म्हणजे तपासणाऱ्याला जोडी ओळखता येऊ नये. आम्ही अकरा प्रयोगशाळा जमवल्या. विषारी मसल मिळवायला रेड टाइडची, म्हणजे ते प्लवक माजण्याची, वाट पाहावी लागली. आली तेव्हा आम्ही दोन दिवसांत चाळीस किलो सोलली. तो गर यंत्रात इतका बारीक करायचा, की पहिल्या बाटलीत आणि शंभराव्या बाटलीत विष सारखं यावं. मी मनातल्या मनात त्याला वाटणच म्हणायचे. पाट्यावर वाटताना आई बोटांनी चाचपून बघायची, कणी लागली की पुन्हा फिरवायची. आम्ही दहा बाटल्या कुठूनही उचलून तपासत होतो, फरक दिसला की पुन्हा फिरवत होतो. पहिलं वाटण फेकावं लागलं. शिंपल्याचं विष बरंचसं पचनग्रंथीत असतं आणि ग्रंथीचे तुकडे तळाशी बसले होते.

पाठवणं त्याहून कठीण. सॅक्सिटॉक्सिन रासायनिक शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या यादीत आहे, मस्टर्ड गॅसच्या पंगतीत. शुद्ध स्टँडर्डची सूक्ष्म मात्रासुद्धा देशाबाहेर जायची तर सरकारी सूचना द्यावी लागते, आणि मिळालेलं विष तिसऱ्या देशाला पुढे देता येत नाही. शिंपले खाणाऱ्यांच्या जीवनमरणाशी संबंध असलेल्या प्रयोगशाळांना हे कागद भरताना आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटायचं. एकीने तर त्याच कारणाने नाव मागे घेतलं होतं, तिची मनधरणी करायला मला तीन फोन लागले. एक खोका एका विमानतळावर शुक्रवारी संध्याकाळी अडकला. ड्राय आइस रविवारी संपला असणार. सोमवारी तिथल्या मुलीने खोका उघडून मला छायाचित्र पाठवलं : बाटल्या जागच्या जागी, आत पाणी सुटलेलं. सगळं पुन्हा पाठवलं. तेव्हापासून मी गुरुवारनंतर काहीही रवाना केलेलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते.

नमुने पोचल्यावर आठवडाभरात आग्नेय आशियातल्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. लिहिणारी तिथली कनिष्ठ तंत्रज्ञ होती. पत्र अतिशय नम्र आणि तीन ओळींचं. तिने विचारलं होतं, की स्टँडर्डच्या बाटलीवर विषाचं प्रमाण मायक्रोमोलमध्ये दिलं आहे. निकाल मायक्रोग्रॅममध्ये मागितला आहे. तर वजन कशाचं धरायचं?

त्या दिवशी माझ्यासमोर सीमाशुल्काचे कागद होते, अडकलेला खोका होता, दोन तज्ज्ञांचं नवं भांडण होतं. हा प्रश्न मला अगदी प्राथमिक वाटला. मोलचं ग्रॅम करणं बारावीत शिकतात. मी एका ओळीत उत्तर दिलं : नेहमी धरता तसंच धरा.

तीन महिन्यांनी निकाल आले. आमचे संख्याशास्त्रज्ञ ते यूडनच्या रीतीने मांडायचे. एका नमुन्याचा निकाल आडव्या अक्षावर, त्याच्या जवळपासच्या दुसऱ्या नमुन्याचा उभ्या अक्षावर, प्रत्येक प्रयोगशाळेचा एक ठिपका. हातून होणाऱ्या इकडेतिकडेच्या चुका असतील तर ठिपके गोल पसरतात. एखादी प्रयोगशाळा कायमच वर किंवा कायमच खाली जात असेल तर ठिपके तिरक्या रेषेवर सरकतात. आमचे तिरक्या रेषेवर होते, आणि दोन पुंजक्यांत. खाली सात, वर चार.

संध्याकाळपर्यंत कारणांची यादी झाली. वरच्या चौघांचं आम्ल कडक झालं असेल. हे होतं, कारण आम्ल जास्त झालं की काही सौम्य रेणू तुटून जहाल रेणू बनतात. खालच्या सातांनी गाळताना विष घालवलं असेल. यंत्र वेगळं असेल. ज्या प्रयोगशाळेचं नाव मोठं ती बरोबर असणार, हे कुणी बोललं नाही पण चर्चा त्या बाजूला वाहत होती. गटात वजन असलेली माणसं खालच्या सातांत होती. आमच्या संख्याशास्त्रज्ञांनी तेवढ्यात एक गोष्ट केली. त्यांनी वरच्या पुंजक्याच्या सरासरीला खालच्या सरासरीने भागलं, प्रत्येक नमुन्यासाठी वेगळं. विष कमी असलेल्या नमुन्यात, जास्त असलेल्या नमुन्यात, मसलमध्ये, ऑयस्टरमध्ये, सगळीकडे उत्तर सव्वाच्या आसपास येत होतं. आम्लाचा दोष असता तर नमुन्यागणिक बदलला असता. "ही प्रयोगातली चूक नाही. हा कुणीतरी केलेला गुणाकार आहे," ते म्हणाले.

मी घरी गेले. रात्री दोन वाजता मला ती तीन ओळींच्या पत्रातली मुलगी आठवली.

सॅक्सिटॉक्सिनच्या रेणूचं वजन 299. पण बाटलीत भरतात तो त्याचा हायड्रोक्लोरिक आम्लाशी झालेला क्षार. सॅक्सिटॉक्सिन डायहायड्रोक्लोराइड, वजन 372. मोलची संख्या तीच, ग्रॅम वेगळे. 372 ला 299 ने भागलं की 1.24. उंदरावरची चाचणी ज्या जुन्या स्टँडर्डने बेतली होती त्यात क्षाराचं वजन धरलेलं होतं, म्हणून उंदराच्या परंपरेतल्या प्रयोगशाळा 372 धरत. शुद्ध रसायनाच्या परंपरेतल्या 299. दोघंही बरोबर. दोघांनाही वाटत होतं, की हे सांगण्यासारखं काही नाही. आमच्या एकवीस पानी कार्यपद्धतीत मिक्सर किती सेकंद फिरवायचा ते होतं, वजन कशाचं धरायचं ते नव्हतं. आणि ज्या एका माणसाने विचारलं होतं त्याला मी नेहमीप्रमाणे करा म्हणून सांगितलं होतं. नेहमीप्रमाणे या शब्दाला त्या अकरा खोल्यांत दोन अर्थ होते.

यात किती मोठं काही दडलेलं होतं ते सकाळी कागदावर मांडल्यावर अंगावर आलं. एका नमुन्यात 299 धरून 700 मायक्रोग्रॅम येतात. खाडी उघडी. तेच विष 372 धरून 871 होतं. खाडी बंद. विष तेवढंच, शिंपला तोच, यंत्र तेच. मसलवाल्याच्या दोरीवरचा माल दोन प्रयोगशाळांत गेला तेव्हा हेच झालं होतं का, ते आता शोधता येणार नाही. पण होऊ शकत होतं.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. त्याचं उत्तर विल्यम हॉरविट्झ यांच्या कामात सापडलं. त्यांनी हजारो चाचण्यांचे निकाल तपासून दाखवलं होतं, की मोजायची मात्रा जसजशी कमी होत जाते तसतसा प्रयोगशाळांमधला फरक ठरावीक गतीने वाढतो. शुद्ध पदार्थ मोजताना दोन टक्के, दर शंभरपट विरलतेला दुप्पट. दशलक्षात एक भाग मोजताना सोळा टक्के. आमची मर्यादा नेमकी त्या टापूत आहे. म्हणजे सगळं नीट करूनही प्रयोगशाळा एकमेकींपासून सोळा टक्के इकडेतिकडे असणारच. त्या गर्दीत चोवीस टक्क्यांचा पक्का फरक बेमालूम मिसळून जातो. एका प्रयोगशाळेला तो दिसूच शकत नाही. दोन प्रयोगशाळांनाही तो नशिबाचा भाग वाटेल. अकरा जणांनी एकच वाटण मोजलं तेव्हाच दोन पुंजके उमटले. तज्ज्ञांचा गट बांधायचा कशासाठी, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. मी त्यांना तो यूडनचा कागद दाखवायचे.

गटाला हे सांगायचं होतं, आणि माझ्या एका ओळीसकट सांगायचं होतं. मी ते पत्र आणि माझं उत्तर दोन्ही पडद्यावर लावलं. कुणी काही बोललं नाही. मग सुरुवातीला उंदराची बाजू लढवलेले ते ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "हा प्रश्न मला विचारला असता तर मीही हेच उत्तर दिलं असतं." त्यांनी ते धीर देण्यासाठी म्हटलं असेल. पण ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त काळजीचं होतं.

पुढचा वाद लांबला. निकाल पाहिल्यानंतर आकडे बदलणं हे या कामातलं पाप आहे. काही जण म्हणाले, नव्याने वाटण करा, पुन्हा पाठवा, अजून एक वर्ष. दुसऱ्यांचं म्हणणं, मोजणीत चूक नाही, हिशोबात आहे. यंत्राचे मूळ आलेख सगळ्यांकडे आहेत, ते मागवून एकाच माणसाने सगळ्यांचे हिशोब एकाच रीतीने पुन्हा करावेत. शेवटी तसं ठरलं, पण अट अशी की अकराच्या अकरांचे हिशोब पुन्हा होतील, फक्त चौघांचे नाही. मोठ्या नावांच्या दोन प्रयोगशाळांना मूळ आलेख देणं जड गेलं. दिले. हिशोबानंतर दोन पुंजक्यांचा एक झाला. एका प्रयोगशाळेचे आकडे तरीही फटकून राहिले. तिथे खरंच आम्लाचा घोळ होता. नियमाप्रमाणे नऊमागे दोनांहून जास्त प्रयोगशाळा वगळता येत नाहीत, आमची एकच गेली. उरलेल्या दहांमधला फरक हॉरविट्झच्या अपेक्षेत बसला.

कार्यपद्धतीच्या चौदाव्या पानावर एक वाक्य वाढलं : सर्व निकाल डायहायड्रोक्लोराइड क्षाराच्या वजनात द्यावेत, रेणुभार 372. सुरक्षिततेच्या बाजूचं वजन ते, आणि 800 ची मर्यादा ज्या परंपरेतून आली तिच्याशी जुळणारं. त्या तंत्रज्ञ मुलीला मी सविस्तर पत्र लिहिलं आणि क्षमा मागितली. तिचं उत्तर पुन्हा तीनच ओळींचं होतं. तिने लिहिलं, की उत्तर आल्यावर तिने वरिष्ठांना विचारलं, त्यांनीही तसंच सांगितलं, म्हणून तिने दोन्ही वजनं धरून दोन निकाल काढले होते आणि वहीत ठेवले होते. पाठवायला एकच मागितला होता म्हणून एक पाठवला.

त्यानंतर मी बांधलेल्या प्रत्येक गटात एक रीत पाळली. कुठल्याही प्रयोगशाळेतून कुठलाही प्रश्न आला, की तो प्रश्न आणि त्याचं उत्तर विचारणाऱ्याचं नाव न घालता सगळ्यांना जातं. पहिल्या आठवड्यात प्रश्न येत नसतील तर मी फोन करते. मोठ्या प्रयोगशाळांतून प्रश्न फारसे येत नाहीत, म्हणून तिथे थेट यंत्रावर काम करणाऱ्या माणसाशी बोलायला मागते. आठ-दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्यावर तो म्हणतो, "तसं एक विचारायचं होतं..." तिथे मी पेन उचलते.

मसलवाला शेवटच्या बैठकीपर्यंत येत राहिला. अहवाल त्याच्या हातात दिला तेव्हा त्याने तो उघडून चौदावं पान काढलं. कुणीतरी त्याला आधीच सांगितलं असावं.

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला गेले होते. ओहोटीला भाट्याच्या खाडीत बायका गुडघाभर चिखलात बसून तिसऱ्या काढत होत्या. एक मावशी टोपली घेऊन कडेला आल्या, फडक्यावर सारखे सारखे ढीग लावले. मी विचारलं, "मावशी, किलोने कशा?"

"किलो नाय गो, वाटा. घे दोन, चार माणसांना पुरतील."

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2009 साली या विषाचा धोका मांडताना एका बैठकीत माणूस 400 ग्रॅम गर खातो असं धरलं होतं. मी तो आकडा कित्येक सादरीकरणांत वापरला आहे. आपल्याकडचा माणूस एका ताटात किती खातो, हे मी कधी मोजलं नव्हतं. दोन वाटे घेतले. आईने त्या धुऊन उकळायला ठेवल्या, तोंडं उघडल्यावर मी एकेक शिंपी सोडवून गर तिच्या मसाल्याच्या काट्यावर ठेवायला लागले.

"काय करतेस?" आईने विचारलं.

"वजन करते."

"शिंपीसकट करायचं की नुसता गर?"

मी काटा शून्यावर आणला, कोरडी वाटी ठेवली, तिचं वजन वहीत लिहिलं आणि आईला म्हटलं, "थांब, सांगते. आधी पाणी निथळू दे."